अकरा ऑपरेटर एका रात्रीत गेले : वाळूजमधलं एक प्रकरण

ऑक्टोबर २०२४ मधला एक शनिवार. दसरा होऊन गेला होता, दिवाळी दोन आठवड्यांवर आली होती. छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज एमआयडीसीतल्या एका मशीनिंग युनिटची सेकंड शिफ्ट दुपारी साडेतीनला लागते. त्या दिवशी फर्स्ट शिफ्टवाले हात धुऊन गेटकडे निघाले आणि त्यांच्या जागी कुणी आलंच नाही. सीएनसीवरचे, म्हणजे संगणकाच्या प्रोग्रामवर चालणाऱ्या मशीनवरचे, अकराच्या अकरा ऑपरेटर गैरहजर. पावणेचारला सुपरवायझरच्या व्हॉट्सअॅपवर मेसेज पडला, ‘आम्ही सगळे दुसरीकडे लागलो. हिशोब करून ठेवा.’ खाली अकरा नावं, हजेरीपटावर असतात त्याच क्रमाने.

त्याआधी ना भांडण झालं होतं, ना कुणी निवेदन दिलं होतं. युनियन तर या युनिटमध्ये कधीच नव्हती. मालकाच्या मुलाचा मला फोन आला तेव्हा त्यांचं पहिलं वाक्य होतं, “सर, याला संप म्हणायचं का काय म्हणायचं?”

पीएफ, ईएसआय (कामगार विमा) आणि कामगार खात्याचे कागद सांभाळणं हा माझा धंदा. त्यामुळे मालकाच्या केबिनमधलं बोलणंही कानावर पडतं आणि चहाच्या टपरीवरचंही. पुढची हकीकत अशा दोन-तीन युनिटांची मिळून बेतली आहे, तेव्हा कुणी पत्ता शोधत फिरू नये. कायदे आणि तारखा मात्र खऱ्या आहेत.

बजाज ऑटोचा वाळूजचा कारखाना १९८५ मध्ये सुरू झाला आणि त्याच्या अवतीभवती वेंडरांची वस्ती उठली. आपलं युनिट त्या वस्तीतल्या दुसऱ्या रांगेतलं. दुचाकीच्या गिअरबॉक्सला लागणारे बुश (पोकळ नळकांड्या) आणि बारके शाफ्ट हे बनवतात, तेही थेट मोठ्या कंपनीला न देता तिच्या वेंडरला देतात. चौदा सीएनसी, चार व्हीएमसी (उभ्या स्पिंडलची सीएनसी मशीनं), दोन ग्राइंडर. माणसं ७४. त्यातली २८ कंपनीच्या पटावर, ४६ ठेकेदाराची.

अण्णांची वही

युनिट उभं केलं ते अण्णांनी. गंगापूर तालुक्यातलं गाव, आयटीआय टर्नर, दहा-अकरा वर्षं मोठ्या कारखान्यात लेथवर. १९९७ मध्ये नोकरी सोडून दोन जुने लेथ घेतले आणि भाड्याच्या शेडमध्ये बसले. पहिली पोरं गावातलीच आणली. कुणी भावकीतलं, कुणी शेजारचं.

माणसं सांभाळायची पद्धतही त्यांनी गावाकडूनच आणली. अण्णांच्या वडिलांकडे सालगडी असायचे. पाडव्याला साल ठरायचं : रोख किती, ज्वारी किती पोती, अंगावरचे कपडे, पायातल्या वहाणा आणि सुरुवातीलाच हातात पडणारी उचल. एकदा साल ठरलं की पुढच्या पाडव्यापर्यंत कामाला घड्याळ नाही. बैल रात्री आजारी पडला तर गडी रात्री उठणार. गड्याच्या घरी मौत झाली तर लाकडं मालकाच्या रानातून जाणार. अण्णांनी हीच रीत शेडमध्ये आणली, पाडव्याची तारीख तेवढी सोडून.

त्यांच्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये एक लाल वही असायची. मी ती पाहिली आहे. एकेका माणसाला दोन-दोन पानं दिलेली. ‘बहिणीचं लग्न – ३०,०००’, ‘बियाणं, खत – ६,०००’, ‘आईचा मोतीबिंदू – ८,०००’, आणि शेजारच्या रकान्यात दर महिन्याला कापलेले हजार-पंधराशे. व्याज नाही. पोळ्याला, महालक्ष्म्यांना, पेरणीला, सोयाबीन काढणीला सुट्टी मागावी लागायची नाही. माणूस गावाला गेलाय एवढं कळलं की झालं. त्या बदल्यात रविवारी गाडी भरायची असली की अण्णांनी निरोप धाडायचा आणि सगळ्यांनी यायचं. रात्री अकराला डाय तुटली तर दुरुस्त होईपर्यंत कुणी घरी जायचं नाही.

हे ऐकून ज्यांचे डोळे पाणावतात त्यांनी वहीची दुसरी बाजूही वाचावी. ओव्हरटाइमचा दर सिंगल. कारखाना कायदा १९४८ पासून सांगत होता की दिवसाच्या ९ किंवा आठवड्याच्या ४८ तासांवर काम घेतलं तर दुप्पट दर द्यायचा, पण तो इथे कुणी कधी मागितला नाही. मागायचा कसा? गेल्याच महिन्यात बहिणीच्या लग्नाला तीस हजार उचललेले. पीएफ २००९ पर्यंत कुणाचाच नव्हता. उचल कुणाला द्यायची आणि कुणाला ‘पुढच्या महिन्यात बघू’ म्हणायचं, हे अण्णांच्या मनावर. मागायला गेलं की अण्णा आधी दहा मिनिटं ऐकवायचे, मग ड्रॉवर उघडायचे. माया होती, आणि ती मायाच सगळ्यांना गप्प बसवायची.

२०२० च्या लॉकडाउनमध्ये या नात्याची हद्द कुठपर्यंत आहे ते दिसलं. पटावरच्या लोकांना अण्णांनी एप्रिलचा निम्मा पगार दिला, धान्याची पोती घरपोच केली. ठेकेदाराच्या माणसांना काही नाही, कारण ती ‘आपली’ नव्हती. त्यातले बरेच मिळेल त्या गाडीने, काही जण पायी, परभणी-हिंगोलीकडे निघून गेले. ८ मे २०२० ला पहाटे करमाडजवळ रुळावर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली गेले. जालन्याच्या पोलाद कारखान्यात कामाला असलेले ते लोक मध्य प्रदेशात आपल्या घरी निघाले होते. त्या दिवसानंतर वाळूजच्या खोल्यांमधून जी चर्चा झाली ती कुठल्या इतिवृत्तात नाही. पण पुढच्या चार वर्षांत पोरं जशी वागली त्याचं मूळ मला तिथे दिसतं.

दादा आले

अण्णांचा मुलगा इथलाच इंजिनिअर, पुण्याहून एमबीए करून २०१७ मध्ये युनिटमध्ये बसायला लागला. जुने लोक त्यांना दादा म्हणतात, नवे सर म्हणतात.

दादांना खलनायक करणं सोपं आहे, पण ते खरं होणार नाही. ग्राहकाचं ऑडिट ते आल्यावर पास झालं, वाहनउद्योगातल्या दर्जाचं आयएटीएफ १६९४९ प्रमाणपत्र आलं. पगार रोखीचा बंद होऊन सात तारखेला बँकेत जमा व्हायला लागला. सगळ्यांना पेमेंट स्लिप मिळाली. ग्राइंडरवर गार्ड बसले. अण्णांच्या काळात यातलं काही नव्हतं.

वही मात्र त्यांनी बंद केली. “कंपनी आहे, सावकारी नाही. पैसे पाहिजेत तर बँकेत जा, पर्सनल लोन घ्या.” कागदावर बघायला गेलं तर बरोबरच बोलले. पण पंधरा-सोळा हजार पगाराच्या माणसाला पेरणीच्या तोंडावर बँक आठ दिवसांत सहा हजार देत नाही. ते देतं मोबाइलवरचं लोन अॅप, आणि त्याचं व्याज सांगायची सोय नाही.

मग चेहरा ओळखणारं हजेरीचं मशीन आलं. मोबाइल गेटवरच्या कप्प्यात ठेवायचा नियम आला. आणि नवी भरती सगळी ठेकेदारामार्फत. ठेक्यावरची माणसं ४६ वर थांबवली होती, तेही हिशोबाने. कंत्राटी कामगार कायदा १९७० चा आणि त्यात मुळात २० माणसांची अट होती. महाराष्ट्रात २०१७ पासून ती ५० झाली. पन्नासाच्या आत राहिलं की नोंदणीची कटकट नाही. ठेकेदाराने आपल्या बाजूने आणखी एक युक्ती चालवली होती, सात महिने झाले की ब्रेक. २४० दिवस भरले की कामावरून काढताना औद्योगिक विवाद कायद्याचं संरक्षण लागायचं, म्हणून ते भरूच द्यायचे नाहीत. पंधरा-वीस दिवस घरी बसवायचं आणि परत नव्याने जॉइनिंग दाखवायचं. त्या आठवड्यांत मशीनवर दुसरं पोरगं बसायचं आणि रिजेक्शन वाढायचं. पण रिजेक्शनचा आकडा क्वालिटीच्या फायलीत जायचा आणि ब्रेकचा ठेकेदाराच्या. दोन्ही फायली एकत्र ठेवून कुणी बघितल्या नाहीत.

माझ्या मते प्रकरण बिघडलं ते नियम आल्यामुळे नाही. नियम एकाच बाजूने आले म्हणून बिघडलं. उशिरा आला तर मशीन कापणार, तिथे कायदा. ओव्हरटाइम मात्र अण्णांच्याच दराने, फक्त स्लिपवर त्याचं नाव ‘प्रॉडक्शन इन्सेन्टिव्ह’. रविवारी गाडी अडकली की ग्रुपवर मेसेज, ‘आपण सगळे एक फॅमिली आहोत, उद्या नक्की या’. म्हणजे घेताना घरची माणसं आणि देताना पॉलिसी. पोरं आयटीआय झालेली आहेत, मायक्रॉनमध्ये मापं घेतात. हा फरक त्यांना दिसणार नाही असं धरून चालणं जरा जास्तच होतं.

पोरांची बाजूही धुतल्या तांदळासारखी नव्हती. तीसुद्धा सोयीने दोन्हीकडून घेत होती. पोळ्याची रजा अण्णांच्या काळातल्यासारखी न सांगता घ्यायची आणि ओव्हरटाइम कायद्याने दुप्पट मागायचा. नोटीस न देता जायचं आणि हिशोब मात्र दुसऱ्या दिवशी पाहिजे. फरक एवढाच की पोरांच्या लबाडीने मालकाची एक गाडी चुकते, मालकाच्या लबाडीने पोराचा महिना चुकतो.

पोळा आणि हाफ डे

२०२४ चा पोळा सोमवारी, २ सप्टेंबरला आला. आदल्या दिवशी रविवार. पोरं शनिवारीच गावाकडे गेली. त्याच दोन दिवसांत मराठवाड्यात अतिवृष्टी झाली, परभणी-हिंगोली-नांदेडकडे तर नद्यांचं पाणी शिवारात शिरलं. मंगळवारी फर्स्ट शिफ्टला सातला पोहोचायचं होतं. सात-आठ जण भिजून, दोन गाड्या बदलून, नऊ-साडेनऊला पोहोचले. मशीनसमोर चेहरा धरला आणि मशीनने हाफ डे लावला. सात वाजून दहा मिनिटांनंतर येणाऱ्याला हाफ डे, असं त्यात भरलेलंच होतं. पावसाचा रकाना मशीनला नव्हता.

पोरांना राग पैशांचा कमी होता. ती सुपरवायझरकडे गेली, सुपरवायझर म्हणाला एचआरला विचारा, एचआरची मुलगी म्हणाली सिस्टिममध्ये आहे, दादा म्हणाले सिस्टिम सगळ्यांना सारखी. अण्णांच्या वेळी माणूस दहा मिनिटं ऐकवायचा, पण ऐकवायला समोर कुणीतरी असायचं.

कायद्याचं बोलायचं तर हा हाफ डे चूकच होता. तेव्हा लागू असलेला वेतन प्रदान कायदा १९३६ चा आणि त्याच्या नवव्या कलमात साधा हिशोब होता, माणूस जेवढा वेळ नव्हता तेवढ्याच वेळेचे पैसे कापता येतात. अडीच तास उशीर, अडीच तास कपात. हे मी त्या महिन्यात सांगितलं होतं. पण सॉफ्टवेअरवाला बदलासाठी वेगळे पैसे मागत होता, म्हणून ते तसंच राहिलं.

त्यावर ऑक्टोबरमध्ये बोनस आला. ठेकेदाराने जाहीर केलं की बारा महिने सलग भरलेल्यांनाच बोनस. ब्रेक देऊन देऊन बारा महिने कुणाचेच भरू दिले नव्हते, त्यामुळे बोनस कुणालाच नाही. बोनस कायदा १९६५ चा. त्यात पात्रतेला वर्षात ३० दिवस काम पुरत होतं आणि किमान दर ८.३३ टक्के होता. हे त्या खोल्यांमध्ये सगळ्यांना माहीत होतं, कारण वैजापूरकडच्या एका पोराने यूट्यूबवर बघून सगळ्यांना सांगितलं होतं.

या पोराबद्दल थोडं जास्त लिहायला पाहिजे. वय २४, आयटीआय टर्नर, चार वर्षांत हे तिसरं युनिट. रांजणगाव शेणपुंजीत तिघांत एक खोली. वडिलांची चार एकर कोरडवाहू. त्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये होता आणि बाजारात त्याच्या खालीच विकावं लागत होतं, त्यामुळे घरून पैसा यायचा प्रश्न नव्हता, जायचाच होता. दोन वर्षांपासून लग्नाचं बघणं चाललंय. मुलीकडचे मामा आले की पहिला प्रश्न ‘परमनंट हाये का?’, दुसरा ‘शेती किती?’ पोराला दोन्हीकडे मान खाली घालावी लागते. मराठवाड्यात नोकरीचा करार हा असा सोयरिकीच्या बैठकीतही तपासला जातो, आणि तिथली तपासणी लेबर इन्स्पेक्टरपेक्षा कडक असते.

पीएफचा यूएएन नंबर २०१४ पासून माणसाबरोबर फिरतो. याच्या तीनही नोकऱ्या त्या एका नंबराखाली मोबाइलवर दिसतात. त्याच मोबाइलवर त्याला दिसलं की ऑगस्ट आणि सप्टेंबरचे पैसे स्लिपवर कापले गेलेत पण पासबुकात पडले नाहीत. त्याने तो स्क्रीनशॉट खोलीतल्या दोघांना दाखवला. दोघांचंही तेच. शहरापलीकडच्या शेंद्रा एमआयडीसीतल्या एका युनिटला ऑपरेटर हवेच होते. पगार दीड हजाराने जास्त, ओव्हरटाइम डबल, बस. अकरा जणांनी चार दिवसांत ठरवलं.

चाळीस वर्षांपूर्वीच्या कामगाराने अशा वेळी गेटवर सभा घेतली असती. पण भांडायचं तर थांबावं लागतं, आणि जिथे सात महिन्यांच्या पुढे आपण नाही तिथे थांबून भांडेल कोण? ठेका पद्धतीने युनियन मोडली, असं मालक लोक खाजगीत समाधानाने बोलतात. तिच्याबरोबर तक्रार करायची सवयही मोडली, हे ते हिशोबात धरत नाहीत.

त्या रात्री

सोमवारी सकाळी गाडी जायची होती. शनिवारी संध्याकाळी दादा, अण्णा आणि मामा तिघं मशीनवर उभे राहिले. मामा म्हणजे जुने सेटर, अण्णांचे भावकीतले कुणी नाहीत, पण २००३ पासून इथे आहेत आणि सगळे त्यांना मामा म्हणतात.

मामांचा हात जुन्या सहा मशीनवर बसलेला. नवी आठ पोरांच्या हातची. बुशच्या बोअरला सगळी मिळून २० मायक्रॉनची सूट. सीएनसीवर प्रोग्राम तोच राहतो, पण प्रत्येक मशीनचा स्वभाव वेगळा. सात नंबरचं मशीन थंड असताना सुरू केलं की पहिल्या अर्ध्या तासात माप बारा-पंधरा मायक्रॉनने सरकतं. म्हणून सुरुवातीला ऑफसेट, म्हणजे मापाची दुरुस्ती, थोडा मागे धरायचा आणि स्पिंडल गरम झाला की परत आणायचा. दहा नंबरला इन्सर्ट बदलला की पहिले दोन जॉब हमखास मोठे निघतात. हे प्रोग्रामशीटवर कुठेच नाही. पोरांनी सुरुवातीला ते मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवलं होतं. मोबाइल गेटवर गेला, तेव्हा खिशातल्या डायरीत लिहायला लागली. डायरी पोरांबरोबर गेली.

मामांनी सात नंबर सुरू केलं, पहिला जॉब प्लग गेजवर बरोबर बसला. विसावा जॉब बसला नाही. दुरुस्त केलं, पुन्हा सरकलं. रात्री दहापर्यंत एकट्या सात नंबरवर १४० बुश स्क्रॅपच्या पेटीत. अण्णा स्टुलावर बसून एकेक बुश हातात फिरवत होते. दादांना म्हणाले, “हे तुझ्या सिस्टिममध्ये कुठं हाये का बघ.” दादा काही बोलले नाहीत. सोमवारची गाडी निम्मी भरून गेली आणि आठवड्याने ग्राहकाची पैसे कापल्याची डेबिट नोट आली.

जो कागद दिलाच नव्हता

सोमवारी मला बोलावलं. दादा तयारी करून बसले होते. वेतन प्रदान कायद्याच्या त्याच नवव्या कलमाचा पुढचा भाग त्यांनी शोधून काढला होता : दहा किंवा जास्त कामगार संगनमताने, नोटीस न देता आणि वाजवी कारण नसताना गैरहजर राहिले तर आठ दिवसांपर्यंतचा पगार कापता येतो. “अकरा आहेत, सर. दहापेक्षा जास्त.”

कलम बरोबर होतं. पण ते कलम असंही म्हणतं की नोटिशीबद्दलची ही कपात नेमणुकीच्या अटींमध्ये ठरलेली असली पाहिजे. मी नेमणूकपत्रं मागितली. ठेकेदाराला फोन लावला. नेमणूकपत्रं नव्हती. आधार कार्डाची झेरॉक्स, बँकेचं पासबुक आणि यूएएन, एवढ्यावर माणसं लागली होती. उद्या कुणी हक्क सांगू नये म्हणून कागद द्यायचा नाही, हे ठेकेदाराचं धोरण आणि दादांना ते माहीत होतं. आता मालकाला हक्क सांगायचा होता तर तोच कागद नव्हता.

पुढचं त्याहून अवघड होतं. पीएफचे दोन महिने ठेकेदाराने भरले नव्हते. कंत्राटी कामगार कायदा ५० माणसांच्या खाली लागू नसला, तरी पीएफ आणि ईएसआयला ती पळवाट नाही. ठेकेदाराने नाही भरलं तर मूळ मालकाने भरायचं, मग ठेकेदाराकडून वसूल करत बसायचं. म्हणजे कापायला बसलेले दादा भरून उठले.

अण्णांनी त्यांच्या पद्धतीने मार्ग काढायचा ठरवला. गाडी काढून वैजापूर तालुक्यात त्या पोराच्या गावी गेले. वडिलांशी ओट्यावर बसले, चहा झाला, पाऊसपाणी झालं. मग विषय काढला, पोराला समजावा, परत पाठवा. वडील म्हणाले, “अण्णा, त्ये माझंच ऐकंना, तुमचं काय ऐकंल.” वीस वर्षांपूर्वी हा उपाय चालला असता, कारण तेव्हा बापाची उचल वहीत असायची. अण्णा परत येताना गाडीत गप्प होते, असं ड्रायव्हरने सांगितलं.

परत आले ते चौघं, दिवाळीनंतर, आणि अण्णांमुळे नाही. शेंद्र्याला जाण्या-येण्यात रोजचे तीन तास जात होते. या चौघांत तो वैजापूरचा पोरगाही होता. त्याने दादांना व्हॉट्सअॅपवर अटी पाठवल्या : नेमणूकपत्र कंपनीच्या नावाने, पीएफ कंपनीच्या कोडवर, ओव्हरटाइम डबल, हाफ डेचा नियम रद्द, मोबाइल मशीनवर. दादांनी पहिल्या चार मान्य केल्या. मोबाइलवर अडले, आणि फिरत्या चकजवळ मोबाइल नको हे मलाही पटतं. शेवटी चहाच्या सुट्टीत मोबाइल आणि प्रत्येक मशीनला एक ऑफसेट रजिस्टर, असं ठरलं. रजिस्टर लिहिणाऱ्याला महिन्याला तीनशे रुपये. हे तीनशे मामांनी सुचवले. पोरांच्या डोक्यातलं फुकट मागू नका, एवढंच ते म्हणाले.

तेव्हापासून

आता सीएनसी आणि व्हीएमसीचे सगळे ऑपरेटर एक वर्षाच्या करारावर थेट कंपनीच्या पटावर आहेत. ठेकेदार बदलला आणि त्याच्याकडे फक्त पॅकिंग, हेल्परी, हाउसकीपिंग राहिलं. ऑपरेटरांचा खर्च वाढला. रिजेक्शन उतरलं. कशाने कशाची भरपाई झाली याचा दादांचा हिशोब अजून चालू आहे आणि तो लावताना ते ‘भरपाई झाली’ असं स्पष्ट म्हणत नाहीत.

उचल परत आली, पण वेगळ्या कपड्यात. एक फॉर्म, जास्तीत जास्त एका महिन्याच्या पगाराइतकी रक्कम, सहा हप्ते, सही. जुन्या लोकांना फॉर्म भरायला अपमान वाटतो. नव्यांना वाटत नाही, त्यांना उलट अण्णांसमोर उभं राहायला नको असतं. पोळा आणि महालक्ष्म्या सुट्टीच्या यादीत छापून आल्या. पेरणीची रजा आली नाही, कारण पाऊस कधी येईल हे यादीत छापता येत नाही, असं दादा म्हणाले. यावर अजून बोलणं चालू आहे.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात जुन्या कामगार कायद्यांच्या जागी चारही कामगार संहिता लागू झाल्या. नेमणूकपत्र सगळ्यांना बंधनकारक, मुदतीच्या करारावरच्या माणसाला एका वर्षाने ग्रॅच्युइटी, आणि राजीनामा दिला तरी दोन कामाच्या दिवसांत हिशोब. वैजापूरच्या पोराने वर्षभर आधी मोबाइलवर पाठवलेली यादी बरीचशी कायद्यात आली. दुसऱ्या बाजूला स्थायी आदेशांची (नोकरीच्या अटींच्या लेखी नियमांची) मर्यादा ३०० कामगारांवर गेली, म्हणजे वाळूजची बहुतेक वेंडर युनिटं त्याबाहेर. ठेक्याची ५० ची मर्यादाही कायम, त्यामुळे पॅकिंगला ४६ च्या पुढे माणूस घ्यायचा नाही ही खबरदारी शेजारच्या युनिटांमध्ये अजून चालू आहे. संपाला १४ दिवसांची नोटीस लागणार आणि निम्म्या कामगारांनी एकाच दिवशी किरकोळ रजा टाकली तरी तो संप धरला जाणार. दादांनी हे वाचून मला विचारलं, म्हणजे आता परत असं झालं तर? मी म्हणालो, ७४ मधले ११ म्हणजे निम्मे होत नाहीत, आणि सोडून जाणाऱ्याला संपाचा कायदा लागत नाही.

एक गोष्ट मात्र मिटलेली नाही. मामा येत्या जूनमध्ये रिटायर होतात. ग्रॅच्युइटी म्हणजे शेवटच्या पगाराला २६ ने भागायचं, १५ ने गुणायचं आणि सेवेच्या वर्षांनी गुणायचं. मामांचा मूळ पगार १९,५०० आहे, म्हणजे वर्षाला ११,२५० पडतात. दादा पीएफच्या नोंदीवरून १७ वर्षं धरतात. मामा म्हणतात २००३ पासून २३. फरक ६७,५०० रुपयांचा. दादांना मी सांगितलंय की ग्रॅच्युइटी सेवेवर मोजतात, पीएफ कधी सुरू केला त्यावर नाही. पण २००९ च्या आधीचा ना हजेरीपट आहे ना पगारपत्रक. आहे ती फक्त लाल वही, जिच्यात मामांच्या नावाची पहिली उचल २००३ च्या जूनमध्ये पडलेली आहे, बियाण्यासाठी. अण्णा म्हणतात वही दाखवा आणि देऊन टाका. दादा म्हणतात वही घरची आहे, कंपनीची नाही. त्यांचा निर्णय अजून यायचाय. मामांनी तेवढ्यात चहाच्या सुट्टीत आपल्या दोन पानांचे मोबाइलवर फोटो काढून घेतलेत. कसे काढायचे आणि कुठे जपून ठेवायचे, ते त्यांना वैजापूरच्या पोराने दाखवलं.